वॉर्डातले शांत मूल

स्मरणिकेसाठी 'बालकांचे मानसिक आरोग्य' या विषयावर काही लिहा, असे कार्यवाह ताईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी मानसशास्त्र शिकलेली बाई नव्हे. १९७२ ते २००८ अशी छत्तीस वर्षे मी परिचारिकेचे काम केले, त्यांतली बहुतेक मुलांच्या वॉर्डात. ताप पाहावा, औषध पाजावे, चादरी बदलाव्यात, हे आमचे शास्त्र. पण ताईंनी पिच्छा सोडला नाही. "तुम्हांला जे ठाऊक आहे तेच लिहा," म्हणाल्या. मला ठाऊक आहे ती एक दूरची हकीगत आहे. ती घडली इंग्लंडात, मी नोकरीला लागण्याच्याही आधी. परंतु तिचे मर्म मला कळले ते आपल्याच गावाकडच्या एका मुलामुळे, म्हणून आधी त्याचे सांगते.

१९७३ साल. मी नवखी होते आणि घटसर्पाच्या वॉर्डात माझी नेमणूक होती. संसर्गाचे कारण देऊन आईबापांस आत येण्याची मनाई असे. रोज संध्याकाळी एक तास खिडकीच्या काचेबाहेरून पाहावे, एवढीच सवलत. तीन वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्याची आई भाजी विकणारी होती. येताना त्याने घरचा एक छोटा पितळी गडवा छातीशी धरला होता. घरची वस्तू वॉर्डात नको हा नियम, म्हणून तो मीच काढून घेतला व आईच्या हाती परत दिला. पहिले तीन दिवस त्या पोराने आकांत केला. संध्याकाळी काचेत आई दिसली की तो गजांशी डोके आपटी. चौथ्या दिवशी मी बाहेर जाऊन त्या बाईंना सांगितले, "तुम्ही दिसलात की ते रडते. चार दिवस येऊ नका, लवकर रुळेल." बाईंनी माझे ऐकले. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाचे कोण ऐकत नाही?

आणि मूल खरोखरच शांत झाले. दिलेले खाई, दिलेले औषध घेई. मी रिपोर्टात लिहिले, 'मूल रुळले.' पुढे पुढे तर ते माझ्याकडे हात पसरू लागले, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा अभिमान वाटला. तीन आठवड्यांनी आई त्याला न्यायला आली. त्याने तिच्याकडे पाहिले, आणि मान फिरवून माझ्या खांद्यात तोंड खुपसले. बाई काही वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच मला विचारले, "बाई, हा माझाच हाय ना?" मी हसून म्हणाले, "अहो, लळा लागला आमचा. घरी गेला की होईल सरळ."

ते हसणे माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९७८ साली, एका प्रशिक्षणवर्गात आम्हांला जुना, काळा-पांढरा, आवाज नसलेला एक चित्रपट दाखविला. नाव होते 'अ टू-इयर-ओल्ड गोज टु हॉस्पिटल'. त्यातली मुलगी गोरी होती, वॉर्ड लंडनचा होता. पण शेवटच्या दृश्यात ती आईबरोबर घरी निघते आणि आईने पुढे केलेला हात धरीत नाही, तेथे माझ्या अंगावर काटा आला. मुलींनी दिवे लावले तरी मी उठले नाही. त्या चित्रपटामागची हकीगत मी पुढे मिळेल तेथून वाचीत गेले. तीच येथे सांगते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातल्या इस्पितळांतही आमच्यासारखेच नियम होते. किंबहुना आमचे नियम त्यांचेच. १९४९ साली लंडनच्या इस्पितळांतील भेटीच्या वेळांची एक यादी 'स्पेक्टेटर' साप्ताहिकात छापून आली होती. ती वाचून आज विश्वास बसत नाही. सेंट थॉमस इस्पितळात पहिला महिनाभर भेट नाही. मात्र संध्याकाळी सात ते आठ या वेळात मूल झोपलेले असताना आईबापांनी ते पाहावे. लंडन हॉस्पिटलमध्ये तीन वर्षांखालील मुलास भेट नाही, पडद्याआडून पाहावे. वेस्ट लंडनमध्ये भेटच नाही. ही माणसे दुष्ट होती असे समजू नये. प्रतिजैविक औषधे येण्यापूर्वी घटसर्प, स्कार्लेट फीवर यांसारखे रोग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात आणि मुले दगावत, ती भीती त्यांच्या हाडीमाशी होती. त्यातच १९२८ साली अमेरिकेत वॉटसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका, असे पुस्तकच लिहिले होते. (आपल्याकडे 'उचलून घेण्याची सवय लागते' हे सांगायला वॉटसन लागत नाही, सासूबाई पुरतात. माझ्याही सांगत.)

या समजुतीविरुद्ध कोणीच बोलत नव्हते असेही नाही. न्यू कॅसलच्या बाळांच्या इस्पितळात जेम्स स्पेन्स नावाचे डॉक्टर १९२० च्या दशकापासूनच आईला बाळासोबत ठेवून घेत. न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळातले डॉ. बॅकविन यांनी 'आत येण्यापूर्वी दोनदा हात धुवा' ही पाटी काढून 'एक तरी बाळ उचलून घेतल्याशिवाय आत येऊ नका' अशा अर्थाची पाटी लाविली. न्यूझीलंडमध्ये फाटलेल्या ओठांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करणारे पिकरिल दांपत्य बाळाचे सर्व काही त्याच्या आईकडूनच करवून घेई, आणि त्यामुळे संसर्ग वाढण्याऐवजी कमी होतो हे त्यांना दिसून आले. म्हणजे ज्या भीतीपोटी आयांना बाहेर ठेवले, तिचे उत्तरही आईच होती! पण मोठ्या इस्पितळांनी तिकडे लक्ष दिले नाही.

ज्याने ते द्यायला लाविले तो ना डॉक्टर होता, ना मोठ्या घरचा. जेम्स रॉबर्टसन हा स्कॉटलंडातल्या कामगार कुटुंबातला, शाळा लवकर सोडून पोलादाच्या कारखान्यात लागलेला मुलगा. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा ॲना फ्रॉइड बाईंनी हॅम्पस्टेड येथे निराधार व आईबापांपासून दुरावलेल्या मुलांसाठी पाळणाघरे चालविली. तेथे १९४१ पासून रॉबर्टसन बंब पेटविणे, आगीवर पहारा ठेवणे, मोडके दुरुस्त करणे असली कामे करू लागला. त्याची पत्नी जॉइस हीही तेथेच मुलांचे करी. ॲना फ्रॉइड बाईंचा एक नियम मला फार आवडतो. घरात काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो बंबवाला का असेना, मुलांबद्दल जे दिसेल ते कागदाच्या तुकड्यावर टिपून ठेवायचे. रॉबर्टसन पाहायला शिकला तो येथे. आणि मुले फार खंगू लागली तेव्हा बाईंनी त्यांचे लहान लहान 'कुटुंब' पाडून प्रत्येकास एकेक ठरलेली बाई दिली, हेही त्याने पाहिले.

१९४८ साली डॉ. जॉन बोल्बी यांनी त्याला टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये घेतले. आईपासून ताटातूट झालेल्या मुलांचे काय होते, याचा बोल्बी शोध घेत होते. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. तान्ह्या व लहान मुलास आई किंवा आईच्या जागी असणारे कायमचे माणूस यांचा ऊबदार, अखंड सहवास मिळणे हे त्याच्या मानसिक आरोग्याला आवश्यक आहे, असे त्याचे सार. रॉबर्टसनकडे काम आले ते इस्पितळात बसून मुलांकडे नुसते पाहायचे.

त्याने जे पाहिले त्याचे त्याने तीन टप्पे सांगितले. पहिला आकांताचा: मूल रडते, हाका मारते, दाराकडे पाहते. दुसरा खंतीचा: रडणे कमी होते, मूल मुके होते, मधूनच हुंदका देते. तिसरा तुटलेपणाचा: मूल खाते, खेळते, जो येईल त्याच्याकडे हसते, आणि आई आली की तिच्याकडे पाहत नाही. परिचारिका दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याला म्हणत, मूल रुळले. रॉबर्टसनचे म्हणणे असे की, जे मूल रडते त्याला अजून आशा आहे. जे शांत झाले त्याची चिंता करा.

भगिनींनो, यात नवे ते काय, असे तुम्हांला वाटेल. आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. 'पोराने हाय खाल्ली', 'झुरणीला लागले' हे शब्द आपण घरात ऐकलेले आहेत. पण घरात जो शब्द सहज तोंडी येई तो गणवेष चढविला की मला आठवत नसे. रिपोर्टात 'हाय खाल्ली' असे लिहिण्याची सोय नव्हती.

रॉबर्टसनचेही डॉक्टर लोक ऐकेनात. सांगून पटत नाही तर दाखवावे, असे त्याने ठरविले. त्याने सुमारे दीडशे पौंडांत एक हातातला कॅमेरा व फिल्म घेतली. तोपर्यंत त्याने चित्रपटाचा कॅमेरा कधी हाती धरला नव्हता. मुद्दाम रडके मूल निवडले असे कोणी म्हणू नये म्हणून प्रतीक्षायादीतले नाव चिठ्ठी काढावी तसे निवडले. सोयीची तेवढीच दृश्ये घेतली असे म्हणू नये म्हणून रोज ठरल्या वेळी चित्रण केले, आणि भिंतीवरचे घड्याळ चित्रात दिसत ठेवले. नाव निघाले ते लॉरा नावाच्या अडीच वर्षांच्या मुलीचे. बेंबीच्या हर्नियाची लहानशी शस्त्रक्रिया, मुक्काम आठ दिवसांचा.

ही मुलगी स्वभावाने फार आवरून धरणारी निघाली. भोकाड पसरीत नाही. ओठ घट्ट मिटते, चेहरा चोळते, आपले खेळण्यातले अस्वल व पांघरूण धरून बसते, आणि मधूनच आई कोठे आहे असे विचारते. परिचारिका आली की पुन्हा शहाण्यासारखी हसते. आई भेटायला येते तेव्हा दिवसेंदिवस तिला जवळ येण्यास वेळ लागू लागतो. ही शहाणी मुलगी पाहणे हे रडणारे मूल पाहण्यापेक्षा कठीण आहे. घरी जाण्याच्या दिवशी ती आपली प्रत्येक वस्तू मागून घेते आणि सगळे उराशी धरून चालू लागते. आईचा हात मात्र घेत नाही.

१९५२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखविला. सभागृहात एकच गहजब झाला. ही इस्पितळांची बदनामी आहे, मूल विक्षिप्त आहे, आमच्याकडे असे होत नाही, अशी एकामागून एक भाषणे झाली. त्या लोकांना मी हसू शकत नाही. १९७३ साली मला कोणी ते सांगितले असते तर मीही तेच म्हटले असते.

त्या चिडलेल्यांत ॲमर्शॅम इस्पितळाचे डॉ. मॅकार्थी होते. पण परत आपल्या वॉर्डात गेल्यावर त्यांना मुलांचे रडणे ऐकू येऊ लागले. ते रोजच होते, आजवर कानी पडत नव्हते इतकेच. त्यांनी आयांना मुलांबरोबर राहू दिले. १९५८ साली रॉबर्टसनने त्याच वॉर्डात दुसरा चित्रपट काढला. त्यात आई सोबत आहे. मूल दुखण्याने रडते, पण हाय खात नाही. १९६२ साली या प्रयोगाविषयी 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लेख आला, त्यावर डॉक्टरांच्या बरोबरीने वॉर्डच्या सिस्टर मॉरिस यांचे नाव आहे. हे मी मुद्दाम सांगते. सिस्टरचे नाव लेखावर येणे ही त्या काळी, आणि आजही, लहान गोष्ट नाही.

मधल्या काळात सरकारने सर हॅरी प्लॅट या अस्थिशल्यविशारदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. १९५९ साली तिचा अहवाल आला. त्यात पंचावन्न शिफारशी होत्या: भेटीच्या वेळांवर बंधन नसावे, लहान मुलांबरोबर, विशेषतः पाच वर्षांखालील, आईला राहता यावे, मुलांना प्रौढांच्या वॉर्डात ठेवू नये, वगैरे. अहवाल सरकारने मान्य केला. आणि मग, जसे होते तसे, कपाटात गेला.

तो कपाटातून काढला कोणी? आपल्यासारख्या बायकांनी. १९६१ साली रॉबर्टसनने दूरचित्रवाणीवर आपल्या चित्रपटांतील भाग दाखविले व वर्तमानपत्रांत लिहिले. शेकडो आईबापांनी त्याला पत्रे पाठविली; त्यांचे पुढच्याच वर्षी पुस्तक झाले. लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही तरुण आयांनी एकत्र येऊन 'मदर केअर फॉर चिल्ड्रन इन हॉस्पिटल' नावाची संस्था काढली. ना इमारत, ना पैसा. कडेवर मुले आणि हाती अहवाल. इस्पितळांत जाऊन त्या विचारीत, तुमच्याकडे अहवालाप्रमाणे भेट खुली आहे का? नसल्यास का नाही? त्यांच्या शाखा गावोगाव निघाल्या. १९६५ साली त्या संस्थेला राष्ट्रीय स्वरूपाचे नवे नाव मिळाले. कायद्याने झाले नाही, सभेने झाले नाही, ते चौकशा करकरून झाले. आपल्या मंडळाच्या रॉकेलच्या रांगेच्या दिवसांतल्या चौकशा ज्यांना आठवतात त्या भगिनींना मी काय म्हणते ते कळेल.

आता एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे, कारण या विषयावर बोलू लागले की नोकरी करणाऱ्या सुना खाली मान घालतात. बोल्बींच्या अहवालाचा काठीसारखा उपयोग पुष्कळांनी केला: आईने घराबाहेर पाऊल टाकूच नये म्हणून. त्यावर तेव्हाच वाद झाला. १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेनेच फेरविचाराचा ग्रंथ काढला आणि १९७२ साली डॉ. मायकेल रटर यांनी दाखवून दिले की, मुलाचा जीव एकट्या आईवरच जडलेला नसतो. बाप, आजी, भावंडे यांचाही आधार त्याला असतो, आणि सगळी ताटातूट सारखी नसते. रॉबर्टसन पतिपत्नींनीच याचा पुरावा दिला. १९६० च्या दशकात ज्यांच्या आया बाळंतपणाला जाणार होत्या अशी चार लहान मुले त्यांनी एकेक करून आपल्या घरी ठेवून घेतली. आधी ओळख करून घेतली, मुलाच्या खाण्याझोपण्याच्या सवयी विचारल्या, त्याची खेळणी बरोबर आणली, आईचा फोटो दाखवीत राहिले, तिचे नाव काढीत राहिले. मुले हिरमुसली, पण मोडली नाहीत. उलट सतरा महिन्यांचा जॉन नऊ दिवस एका चांगल्या बालगृहात राहिला. तेथील परिचारिका मायाळू होत्या. पण पाळ्या बदलत, आज ही, उद्या ती. त्याने एकेकीला धरून पाहिले आणि शेवटी कोणालाच धरले नाही. आई आली तेव्हा तिच्याकडे जाईना. तेव्हा दोष आईच्या नोकरीचा नव्हे. मुलाला एक ठरलेले माणूस आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

मला ते चित्र पाहून आमच्या तीन पाळ्या आठवल्या. त्या पोराने सकाळपाळीला मला धरले होते. रात्रपाळीला तो कोणाला धरीत असेल, हे मी कधी विचारलेच नव्हते.

१९८६ साली मी एका मुलांच्या वॉर्डाची प्रमुख सिस्टर झाले. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक खाटेशी एक स्टूल मागितले. वरून उत्तर आले की आया बसल्या की गर्दी होते, डबे येतात, उवा येतात. हे सगळे खरे होते. डबेही आले आणि उवाही आल्या. स्टुले मिळाली नाहीत म्हणून आयांनी घरून चटया आणल्या. संसर्गाच्या खोलीत आईलाही गाऊन व मुखपट्टी देऊन आत घेतले. रात्री दोन वाजता फेरी मारताना खाटांमधून वाट काढावी लागे, पाय पडेल की काय म्हणून मी चपला काढून चाले. नव्या मुली कुरकुरत. मात्र औषध पाजायला लागणारा वेळ निम्म्यावर आला, हे त्यांनीच मला येऊन सांगितले. घरची एक वस्तू खाटेवर ठेवायला मी परवानगी दिली. भांडी, बाहुल्या, एकदा तर आजोबांची टोपी.

अलीकडे हीच गोष्ट अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत सिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यांत दिल्लीचे सफदरजंग इस्पितळही होते, जन्मताच बाळाला आईच्या छातीशी ठेवून आईलाच अतिदक्षता विभागात खाट देण्याचा प्रयोग केला. २०२१ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. तीन हजारांहून अधिक बाळे होती. नेहमीच्या पद्धतीत शंभरांतली जवळजवळ सोळा महिन्याच्या आत दगावली, आईजवळ ठेवलेल्यांतली बारा. ज्या काचेआड आम्ही आयांना उभे केले तिचा हा हिशेब वाचताना मला त्या भाजीवाल्या बाई आठवल्या. त्यांचे मूल वाचले होते, ही त्यातल्या त्यात गोष्ट. पण घरी जाऊन ते किती दिवसांनी 'सरळ' झाले, हे विचारायला मी कधी गेले नाही. पत्ता केसपेपरवर होता.

आपल्या मंडळाच्या बालवाडीत जूनमध्ये नवी मुले येतात, तेव्हा पहिला पंधरवडा आयांना व्हरांड्यात बसू द्यावे, असा मी आग्रह धरते. नव्या शिक्षिकाबाईंना यंदा ते फारसे पटले नव्हते. "त्या बसल्या की मुले जास्त रडतात हो," म्हणाल्या. मी म्हटले, रडू देत. परवा त्यांनी मला मोठ्या कौतुकाने सांगितले की, बाकीची अजून गोंधळ घालतात, पण एक मुलगी पहिल्या दिवसापासून अगदी शहाणी आहे. कोपऱ्यातल्या खिडकीशी बसते, काही मागत नाही, काही त्रास नाही. तिच्या आईला मी सोमवारी बोलावले आहे.